गाडीचं इंजिन आणि अप्पांचा पाय

अप्पांचा उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा सुरुवात तिथूनच करायला हवी. शस्त्रक्रियेनंतर पाय सरळ राहिला तो राहिलाच. घरात काठी घेऊन ते फिरतात, देवघरापर्यंत जातात, अंगणात येतात. मोटारीत बसायचं म्हटलं की मात्र पंचाईत. आजकालच्या गाड्यांत पुढे दोन सुट्या खुर्च्या, मधोमध गिअरचा दांडा, समोर कसले कसले कप्पे. वाकत नसलेला पाय ठेवायचा कुठे? एकदा भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं अप्पांना आत घालायचे सगळे प्रकार करून पाहिले आणि शेवटी त्यांना मागच्या सीटवर आडवं निजवलं. तंजावरहून पापनाशमपर्यंत अप्पा गाडीच्या छताकडे बघत गेले. परत येताना म्हणाले, "प्रेत नेताना तरी चार माणसं बोलत असतात."

पापनाशमच्या पुढे, कालव्याच्या काठच्या एका गावात माझी आत्या राहते. अप्पांची थोरली बहीण. दोघं पंधरा दिवसांतून एकदा भेटली नाहीत तर दोघांचाही रक्तदाब, झोप, पोट सगळं बिघडतं आणि दोन्हीकडचे फोन मला येतात. घरात मी आणि अप्पा, दोघंच. मी शाळेत हिंदी शिकवते. धाकटा भाऊ बंगळुरूला असतो आणि फोनवरून सल्ले देतो.

तर अप्पांचा पाय मावेल अशी जगात एकच गाडी होती. ती आमच्या दारात उभी होती, अप्पांनी नोकरीत असताना घेतलेली. पांढरी, गोलमटोल, तीसहून अधिक वर्षांची. पुढे एकसंध बाकासारखी सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, आणि पायांपाशी एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत मोकळी जागा. अप्पा आधी पाठमोरे सीटवर टेकायचे, मग डावा पाय आत घ्यायचे आणि उजवा तिरपा करून गाडीच्या मध्यावर सोडून द्यायचे. बसले की राजासारखे दिसायचे.

गाडी मात्र मरायला टेकली होती. पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त प्यायची. मागून निळा धूर. सकाळी सुरू व्हायला अर्धा तास आणि बंद पडायला कुठलंही कारण पुरे. ज्या दिवशी माझा धीर सुटला त्या दिवशी आम्ही आत्याकडे निघालो होतो आणि रेल्वेच्या पुलावर चढताना गाडीनं दोनदा उचकी दिली आणि थांबली. मग मागे घसरायला लागली. मागे भाताच्या पोत्यांनी भरलेली लॉरी. तिच्या मागे बस. मी ब्रेकवर उभी, हॅण्डब्रेक ओढलेला, सगळे हॉर्न एकदम वाजताहेत, आणि अप्पा शांतपणे म्हणताहेत, "चोक ओढ गे. तूं चोक ओढीत नाहींस."

"अप्पा, चोक ओढलाय!"

"मग सोड."

बसमधून चार माणसं उतरली, त्यांनी ढकलून गाडी कडेला घेतली. त्यातल्या एकानं मला विचारलं की ही गाडी सिनेमावाल्यांना भाड्यानं देता का. मी त्याच दिवशी ठरवलं: एक तर गाडी, नाही तर मी.

गाडी काढून टाकता येत नव्हती, म्हणजे इंजिन बदलायचं. नवी गाडी घ्यायची ऐपत नाही आणि घेतली असती तरी पायाचा प्रश्न होताच. मी एक वही केली. शाळेतून आल्यावर मोबाइलवर व्हिडिओ बघायची आणि लिहून काढायची. जुनं इंजिन उघडून त्याचे सिलिंडर पुन्हा कातून घेणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग असा, की याच गाडीच्या पुढच्या काळातल्या मॉडेलमध्ये जे मोठं, पाच गिअरचं इंजिन यायचं, ते भंगारातल्या एखाद्या गाडीतून काढून आणायचं आणि यात बसवायचं. जास्त ताकद, कमी धूर. मी दुसरा मार्ग निवडला आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: साठ हजार. त्याच्या वर एक रुपया नाही. खाली दोन रेघा ओढल्या.

मेकॅनिक वल्लमच्या रस्त्यावर होता. पंचावन्नच्या आसपासचा, हडकुळा, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. कमी बोलायचा. जे बोलायचा त्यातलं निम्मं म्हणजे एकच शब्द: "पार्पोम." बघू या. गाडी टो करून त्याच्याकडे नेली तेव्हा मी एकटीच होते. इंजिन चालेल का? पार्पोम. किती दिवस लागतील? पार्पोम. साठ हजारांत होईल ना? या वेळी तो "पार्पोम" म्हणण्याआधी जरा थांबला, तेवढाच फरक.

दुसऱ्या खेपेला अप्पा हटून बसले म्हणून त्यांनाही रिक्षात तिरपं बसवून बरोबर नेलं. मेकॅनिकनं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, पायाखाली उलटा डबा दिला आणि तिरुच्चीच्या जुन्या मालाच्या बाजारातून आणलेलं इंजिन दाखवलं. काळं, चकचकीत, एका टायरवर ठेवलेलं. अपघातात मागून चेपलेल्या गाडीचं आहे, फार चाललेलं नाही, असं तो तमिळमध्ये म्हणाला.

मी अप्पांकडे वळून मराठीत म्हणाले, "थापा मारतोय. चेहरा बघा ना त्याचा. इंजिन धुऊन आणलंय आणि वर फार चाललेलं नाही म्हणून सांगतोय."

आमची, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्यांची मराठी महाराष्ट्रातल्या माणसाला ऐकवली तर तो आधी हसतो, मग पुन्हा सांगा म्हणतो. पण तंजावरात तिचा एक मोठा उपयोग असतो. भाजीवाल्यासमोर, डॉक्टरसमोर, पाहुण्यांसमोर जे बोलायचं नाही ते बोलता येतं. लहानपणापासून आम्ही दुकानात उभं राहून दुकानदाराबद्दलच बोलत आलो. अप्पा तर मोठ्यानं बोलतात, कारण त्यांना कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "थापाड्या असेल. पण हात बघ त्याचे. कामाचे हात आहेत."

मेकॅनिक फडक्याला हात पुसत होता.

त्यानंतरचे सहा आठवडे मला आठवतात ते एकामागून एक आलेल्या फोनसारखे. इंजिन आत उतरवलं, पण जुन्या गाडीत त्याला टेकायला पाय नाहीत. ते वेगळे घडवून घ्यावे लागतील. गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून आखूड करायला हवा आणि तो तिरुच्चीला नेऊन तोलून आणायला हवा, नाही तर गाडी थरथरेल. जुना रेडिएटर या इंजिनाला पुरायचा नाही. सायलेन्सरचा पाइप उलट्या बाजूला येतो. प्रत्येक फोनला मी विचारायची, "हे आधी का नाही सांगितलं?" आणि तो म्हणायचा, "आधी इंजिन आत गेलं नव्हतं, टीचरम्मा."

आरटीओची बाजू वेगळीच. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी काढायची, मग आणलेल्या इंजिनाची पावती आणि त्या जुन्या गाडीचे कागद दाखवायचे. हे सगळं अर्जावर ठसठशीत छापलेलं होतं. मी मुलांना धडा नीट वाचा म्हणून रोज ओरडणारी बाई, तो अर्ज न वाचताच गेले आणि तीन दिवसांची रजा त्यात घालवली. खिडकीतल्या बाईंनी पहिल्या दोन्ही वेळा मला तीच ओळ बोटानं दाखवली. चूक माझी होती, त्यामुळे चिडायलाही जागा नव्हती, आणि त्याचाच जास्त राग आला.

साठ हजारांखालच्या दोन रेघा वहीत तशाच होत्या. त्यांच्या आत राहायचं म्हणून मी काटछाट सुरू केली. रेडिएटर नवा नको, डागडुजी करा. क्लच प्लेट इंजिनाबरोबर आलीय तीच ठेवा. रबरी सील गळत नसतील तर राहू देत. मेकॅनिक मान हलवायचा, पण ती हो म्हणून हलतेय की नाही म्हणून ते कळायचं नाही.

एका शनिवारी दुपारी मी गॅरेजात उभी असताना भावाचा फोन आला. त्याचं नेहमीचंच. गाडी विक, टॅक्सी लाव, एवढा खर्च कशाला. मी गाडीच्या उघड्या बॉनेटपाशीच उभी होते. मेकॅनिक पलीकडून आत वाकला होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी मराठीत बोलत होते, तेव्हा आवाज कमी करायची गरजच वाटली नाही.

"अरे, खर्च कुठे करतेय मी?" मी म्हणाले. "सगळं जुनंच घालतेय. अप्पांचं वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षं, फार तर तीन. तेवढं इंजिन चाललं की झालं. नवी क्लच प्लेट घालून ठेवू कोणासाठी? त्यांच्यामागे ही गाडी कोण चालवणारे?"

भाऊ नुसतं "बरं" म्हणाला. त्याला पटलं असावं. मला तर ते बोलताना अगदी हिशेबी आणि शहाण्यासारखं वाटलं होतं. मेकॅनिकनं पाना खाली ठेवला, दुसरा घेतला.

त्यानंतर तो बदलला. आधी निदान विचारायचा तरी. आता परस्पर करायला लागला. बुधवारी गेले तर जुनी क्लच प्लेट बाकावर पडलेली आणि आत नवी बसवलेली. मी विचारलं, कोणी सांगितलं? तो म्हणाला, जुनी झिजली होती. मी ती उचलून पाहिली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी बराच वेळ बघत राहिले. पुढच्या वेळी सगळे सील नवे. त्याच्या पुढच्या वेळी रेडिएटर.

अप्पा त्या दिवशी बरोबर होते. मी त्यांच्याकडे वळून तोंड सोडलं. "बघा, हा माणूस मला लुटतोय. मी नाही म्हटलं की मुद्दाम तेच करतो. तोंडानं गोगलगाय आणि काम दरोडेखोराचं."

"हळू बोल गे," अप्पा म्हणाले.

"हळू कशाला? त्याला काय कळतंय!"

शेवटी एकदाचा फोन आला, की गाडी सुरू झालीय, अय्यांना, म्हणजे अप्पांना, घेऊन या. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुटी काढली. अप्पांनी धुतलेली वेष्टी नेसली, कपाळाला गंध लावलं. गॅरेजात गेलो तर गाडी धुऊन पुसून उभी. मेकॅनिकनं किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. इतका कमी आवाज, की मी बॉनेटवर हात ठेवून पाहिला. मागे धुराचं नाव नाही. खरं सांगते, त्या क्षणी त्या माणसाबद्दलचं माझं सगळं बोलणं मी मनातल्या मनात मागे घेतलं होतं.

मग अप्पा बसायला गेले. नेहमीसारखे पाठमोरे टेकले, डावा पाय आत घेतला, उजवा तिरपा करून मध्यावर सोडला, आणि तो कशावर तरी ठक्कन आदळला.

पुढच्या बाकापुढे, गाडीच्या बरोबर मध्यात, जमिनीतून गिअरचा दांडा वर आला होता. काळ्या रबराचा घोळ आणि वर चकचकीत मूठ. पाच गिअरच्या त्या इंजिनाला स्टिअरिंगखालचा दांडा चालत नव्हता. त्याचा दांडा जमिनीतूनच यायचा. अप्पांनी पाय उचलून दांड्याच्या अलीकडे ठेवून पाहिला. मावेना. पलीकडे टाकून पाहिला, तर तो माझ्या क्लचवर. त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला, मग पाय दोन्ही हातांनी धरून बाहेर काढला आणि दारात तसेच बसून राहिले. वेष्टीवर ग्रीसचा डाग पडला होता, तो नखानं खरवडत राहिले.

माझा तोल गेला. सहा आठवडे, रजा, कागद, तिरुच्चीच्या फेऱ्या, सगळं ज्या पायासाठी केलं त्याच पायाच्या जागेवर या माणसानं लोखंडी खुंटा ठोकला होता. मी अप्पांसमोर मराठीत ओरडले, "याला डोळे नाहीत का हो? सगळं पायासाठी चाललंय आणि हा नेमकं पायातच दांडा घालून ठेवतो! याच्या डोक्यात काय भरलंय काय!"

मेकॅनिकनं चष्मा काढला. आणि म्हणाला, "पायाचं तुमी सांगिटलं नाहीं, बाई. इंजिनाचं सांगिटलं. धुराचं सांगिटलं. साठ हजाराचं सांगिटलं. पायाचं नाहीं."

मराठीत. अडखळत, तमिळ हेल काढून, पण आमच्याच घरातल्या मराठीत. माझी आजी जशी बोलायची तशी.

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा दारात बसल्या बसल्या ताठ झाले होते. "अरे!" ते म्हणाले. "तूं आमचाच कीं रे, तंबी!" तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ.

त्याची आजी घरात हेच बोलायची, असं तो सांगायला लागला. घराणं केव्हातरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. आता सगळे तमिळच. बायको तमिळ, मुलांना काही येत नाही. आजी गेल्यानंतर त्याच्याशी कोणी मराठी बोललं नव्हतं आणि तो स्वतः तर तेव्हाही बोलायचा नाही, फक्त ऐकायचा. कळतं सगळं. हे त्यानं तमिळमध्ये सांगितलं आणि शेवटचे दोन शब्द पुन्हा मराठीत, माझ्याकडे न बघता: "कळतं सगळं."

अप्पांना पायाचा विसर पडला. आजी कुठली, माहेर कुठलं, देव कोणता, घरात तुळजाभवानी होती का, प्रश्नांवर प्रश्न. मी मात्र गाडीला टेकून उभी होते आणि एकेक आठवत होते. थापाड्या. दरोडेखोर. गोगलगाय. आणि मग बॉनेटपाशी उभी राहून भावाला सांगितलेलं ते वाक्य आठवलं, आणि कानांपर्यंत आग झाली. दोन वर्षं, फार तर तीन. हे अप्पांना त्यानं सांगितलं असेल का? आता सांगेल का?

अप्पांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून कापी, म्हणजे कॉफी, मागवली. ती येईपर्यंत त्यांना गॅरेजच्या मागच्या नळावर हात धुवायला जायचं होतं. ते काठी टेकत गेले तेव्हा मी मेकॅनिकपाशी गेले. माफी मागायला गेले होते, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "तुम्हाला कळत होतं तर पहिल्या दिवशीच सांगायचं ना!"

तो तमिळमध्ये म्हणाला, "कसं सांगू, टीचरम्मा? पहिल्याच दिवशी तुम्ही मला थापाड्या म्हणालात. त्यानंतर मी मराठी बोललो असतो तर तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. म्हटलं, काम संपलं की तुम्ही जाल, मी राहीन."

मी आधीच पुसलेलं बॉनेट हातानं पुन्हा पुसायला लागले.

"फोनवर जे बोललात ते मी अय्यांना सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "सांगणारही नाही. पण क्लच प्लेट जुनी घालणार नव्हतोच. माझ्याकडून गाडी बाहेर गेली की ती किती वर्षं चालायची ते मी बघतो. कोणाचं वय विचारून नाही."

मला लाज वाटली हे खरं, आणि त्याच वेळी त्याचा राग आला हेही तितकंच खरं. माझ्या घरच्या खर्चात न विचारता मोठेपणा करायचा हक्क याला कोणी दिला? पैसे माझेच जाणार होते. पण फोनवरच्या त्या वाक्याबद्दल मात्र चिडता येत नव्हतं. ते मी बोलले होते आणि ते ऐकणारा एक माणूस आता या गावात होता. भावाकडे मी ते परत घेऊ शकले असते, पण भावाला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं.

अप्पा परत आले, कापी आली, आणि तिघांनी मिळून दांड्याकडे बघत ती प्यायली.

दांड्याला पुढे आणखी बारा दिवस गेले. स्टिअरिंगखालून तारा आणि सळ्या नेऊन पाहिल्या, तर पाचवा गिअर पडेना आणि रिव्हर्स आपोआप पडायला लागला. ते सगळं काढून फेकलं. मग बाकाच्या मधून पुढचा एक तुकडा कापावा असं निघालं. गादीवाल्यानं सीट उसवली, तेव्हा आत वीस वर्षांपूर्वी हरवलेली माझी एक कानातली रिंग सापडली. सीट कापूनही अडचण राहिलीच. शेवटी मेकॅनिकनं दांडाच काढला, भट्टीत लाल होईपर्यंत तापवला आणि माझ्या बाजूला वाकवला. तो आता जमिनीतून निघून गुडघ्याला वळसा घालावा तसा उजवीकडे झुकतो आणि त्याची मूठ स्टिअरिंगच्या जवळ येते. हे करताना प्रत्येक वळणाला तो अप्पांना बोलवायचा. अप्पा रिक्षातून तिरपे जायचे, बसायचे, पाय टाकायचे, आणि म्हणायचे, "आणखी बोटभर." असे चार दिवस. चौथ्या दिवशी पाय पूर्ण लांब झाला.

आरटीओच्या तपासनिसानं तो वाकडा दांडा पाहून मला स्वतः गाडी चालवून दाखवायला लावली. सगळे गिअर टाकायला लावले. दुसरा टाकताना मूठ माझ्या गुडघ्यावर आपटली आणि मी "आई गं" म्हणाले. त्यानं विचारलं, "नेहमी होतं का?" मी म्हणाले, "नाही, नाही." तो हसला आणि सही केली. नेहमी होतं. माझ्या गुडघ्यावर एक निळा डाग आता कायमचा आहे.

वहीतल्या रकमेचं काय झालं ते विचारू नका. माझ्या बांगड्या गेल्या नाहीत, एवढंच सांगते. मेकॅनिकनं आपली मजुरी निम्मी लावली होती. मी पूर्ण द्यायला गेले, त्यानं घेतली नाही, त्यावरूनही आमचं भांडण झालं. ते मात्र आम्ही तमिळमध्येच केलं.

मग एका रविवारी सकाळी आम्ही आत्याकडे निघालो. रेल्वेच्या पुलावर गाडी अशी चढली की मी ॲक्सिलरेटरवरचा पाय कमी केला. शहर मागे पडलं, दोन्हीकडे नुकतीच लावणी झालेली शेतं. मला वाटलं, अप्पा आता काहीतरी चांगलं बोलतील.

"एवढी घाई कशाला गे?" अप्पा म्हणाले. "हळू घे."

मी हळू घेतली. आणखी हळू, म्हणाले. आणखी. नवं इंजिन, पाच गिअर, नवी क्लच प्लेट, आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये मोपेडच्या मागे. एक म्हातारा भारा बांधलेल्या सायकलवरून आम्हाला ओलांडून गेला. त्यानं वळून पाहिलं. अप्पांनी त्याला हात केला. पाय लांब, काठी मांडीवर, काच खाली. त्यांना कुठेही पोचायचं नव्हतं आणि मला मात्र संध्याकाळच्या आत घरी परतून उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. मी ओरडणार होते. पण मनात आलं, हे असं सावकाश जाणं आणखी किती वर्षं असणार ते मी भावाला फोनवर सांगून बसलेय. मग तशीच चालवत राहिले, दात आवळून, आत्याच्या दारापर्यंत.

आत्या ओट्यावर बसली होती. अप्पांना कुणाचा हात न धरता गाडीतून उतरताना पाहून तिनं आत हाक मारली, "पान वाढा." इंजिनाबद्दल तिला काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. जेवताना दोघं भाऊबहीण साराला आंबट जास्त झालंय की कमी यावर पाऊण तास बोलली.

तुम्हाला वाटेल, इथे संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण आता दर दुसऱ्या रविवारी आत्या आणि मधल्या रविवारी गॅरेज. गाडीला काही झालेलं नसतं. अप्पा म्हणतात, तेल दाखवून घ्यायला हवं. तिथे गेलं की खुर्ची मांडलेली असते, पायाखाली डबा ठेवलेला. मेकॅनिक बॉनेट उघडतो, एक मिनिट आत बघतो आणि मग दोघं बसतात. अप्पा मराठीत, तो तमिळमध्ये, मध्येच एखादं वाक्य मराठीत जुळवतो आणि चुकलं की अप्पा दुरुस्त करतात. त्याच्या आजीचे काही शब्द अप्पांनाही ठाऊक नसतात, मग दोघं माझ्याकडे बघतात, कारण मी हिंदी शिकवते, देवनागरी वाचते, तेव्हा मला माहीत असणार. मला माहीत नसतं. मी गाडीतच बसून वह्या तपासते. डास चावतात.

गेल्या रविवारी मेकॅनिक म्हणाला की इंजिन आता जोरदार आहे, पण मागचा ॲक्सल जुना आहे, तोही त्याच्या तोडीचा हवा. अप्पांनी लगेच मान डोलावली. मी नाही म्हणून तमिळमध्ये सांगितलं. मग मराठीत सांगितलं. त्या दोघांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते गाडीच्या मागच्या चाकापाशी वाकून बघत होते, म्हणजे मेकॅनिक वाकला होता, आणि अप्पा काठीनं दाखवत होते.